शेऱ्याचा रकाना

आमच्या घरात रेल्वेचा विषय निघाला की आजोबांचा चहा हमखास थंड होतो. त्यांची सारी नोकरी कुर्डुवाडीच्या कारखान्यात गेली. 'बार्शी लाईट'ची छोटी इंजिने तिथे दुरुस्तीला येत. अडीच फुटी रूळ, त्यावरून डुलत जाणारी ती गाडी, आणि आषाढीला डब्यात मावेनात एवढे वारकरी! पुढे रुंद रूळ आले, छोटी गाडी गेली. तरी आजोबांच्या बोलण्यात ती रोज वेळेवर सुटते. त्यामुळे भूगोलाच्या सरांनी मला सेमिनारसाठी 'ब्रिटनमधील प्रादेशिक रेल्वे' हा विषय दिला, तेव्हा मी तोंड वाकडे केले. आजोबा मात्र सरसावून बसले.

गंमत अशी की पहिलाच धागा त्यांच्या कारखान्यापर्यंत येऊन पोचला. १८९७ साली बार्शी लाईट सुरू करणारा इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्यानेच पुढे इंग्लंडात, स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात, १९०४ साली लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे उभी केली. रूळ अडीच फुटांचे, बांधणी बार्शीच्या धर्तीवर. म्हणजे आपल्याकडचे सगळे विलायतेहून आले असे आपण समजतो, पण हे बियाणे इकडून तिकडे गेले! आजोबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी ते शेजारच्या काकांनाही ऐकवले, दोनदा. मात्र ती रेल्वे १९३४ सालीच बंद पडली, हे सांगायला मी दोन दिवस घेतले. आज त्या मार्गावर लोक पायी फिरायला जातात.

पण माझी खरी गाठ पडली ती डॉ. रिचर्ड बीचिंग या गृहस्थाशी. रसायनांच्या मोठ्या कंपनीतून आणून त्यांना ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष केले होते. रेल्वेला तेव्हा वर्षाकाठी दहा कोटी पौंडांहून अधिक तोटा येत होता. २७ मार्च १९६३ रोजी त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे पाच हजार मैल मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्टेशने बंद करावीत, अशी शिफारस. मार्गांच्या एक तृतीयांश लांबीवर जेमतेम एक टक्का प्रवासी वाहतूक होते, असे त्यांचे गणित होते. ते खोटे नव्हते. माणूसही दुष्ट नव्हता. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या आणि मालाच्या पेट्या वाहणाऱ्या गाड्या यांवर पैसा घाला, असे त्याच अहवालात आहे, आणि ते पुढे फळलेही. त्या वेळचे वाहतूकमंत्री मार्पल्स हे स्वतः रस्ते बांधणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी होते, ही गोष्ट निराळी. तिच्यावर आमच्या वर्गात पुष्कळ हशा झाला.

वाचता वाचता मी एका ओळीवर अडलो. प्रवाशांची ती मोजदाद एका आठवड्याची होती. एप्रिल १९६१ मधला एक आठवडा. समुद्रकाठच्या ज्या स्टेशनांवर उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते, तीही त्याच एका आठवड्यावर तोलली गेली.

मी पुस्तक मिटले. मित्रहो, आता माझी गोष्ट सांगितलीच पाहिजे.

प्रथम वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत मी एका कामाला होतो. एका कार्यालयाला तालुक्यातल्या गाड्यांचे प्रवासी मोजून हवे होते. रोजी चारशे रुपये. माझ्याकडे संध्याकाळी साडेसहाची एका आडगावाला जाणारी गाडी आली. सात दिवस दाराशी बसून मी मोजले: चार, तीन, पाच, तीन, सहा, दोन, चार. ज्या पोरापोरींनी ती गाडी एरवी भरून जाते, ते सगळे सुट्टीला आपापल्या घरी होते. हे मला ठाऊक होते. तक्त्यात शेवटी 'शेरा' असा एक रकानाही होता. मी तो कोरा ठेवला. कोणी विचारले नव्हते, आणि हिशोबाची बेरीज अचूक जमल्याचा मला आनंद होता.

पुढच्या जूनमध्ये ती गाडी बंद झाली. आमच्या वर्गात त्या गावची एक मुलगी होती. फाट्यापासून चार किलोमीटर अंधारात चालत जायचे म्हणून वडिलांनी तिचे कॉलेज थांबवले. ती आता बहिःस्थ परीक्षा देते असे कळले. गाडी माझ्याच तक्त्यामुळे बंद झाली की आणखी कशाने, हे मला कोणी सांगितलेले नाही.

आजोबांना मी एप्रिलचा तो आठवडा वाचून दाखवला, माझा दिवाळीचा नाही. ते म्हणाले, "आरं, कवा मोजायचं ते ज्यानं ठरिवलं, निकाल त्यानंच लावला की!"

मग मी सेमिनारच्या गरजेपेक्षा जास्तच वाचत गेलो. फाटे तोडले की मुख्य मार्गावरचे प्रवासीही कमी होतात, हे तिकडे मागाहून उमगले. लोक मोटारीने मोठ्या स्टेशनापर्यंत जातील आणि पुढे रेल्वेने, असा अंदाज होता. पण एकदा मोटारीत बसलेला माणूस मध्येच उतरतो कशाला? बदली म्हणून दिलेल्या कित्येक बसगाड्याही लवकरच थांबल्या. एडिंबरा ते कार्लाइल या वेव्हर्ली मार्गावरची शेवटची गाडी ५ जानेवारी १९६९ च्या रात्री न्यूकॅसलटनच्या लोकांनी फाटक बंद करून अडवली. गावचे पाद्रीबुवा पकडले गेले, आणि गाडीतच असलेले खासदार डेव्हिड स्टील यांनी मध्यस्थी केली तेव्हा कुठे ती पुढे सरकली. त्यातला थोडा, सुमारे तीस मैलांचा तुकडा २०१५ साली पुन्हा सुरू झाला. खर्च एकोणतीस कोटी पौंडांच्या घरात. पहिल्याच वर्षी दहा लाखांवर प्रवास झाले. बराचसा मार्ग मात्र एकेरीच बांधला, आणि हॉइक गावाला अजून रेल्वे नाही. मोडताना सढळ हात, बांधताना काटकसर!

आणि ज्यांची गाडी वाचली त्यांना तरी काय मिळाले? उत्तर इंग्लंडच्या फाट्यांवर ऐंशीच्या दशकात 'पेसर' नावाच्या गाड्या आल्या. बसच्या सांगाड्याला रेल्वेची चार चाके लावलेल्या. वळणावर किंचाळायच्या म्हणे. तात्पुरत्या म्हणून आल्या आणि २०२० पर्यंत त्या भागात चालल्या. जिथे आधीच गर्दी तिथे पैसा घातला की हिशोब सुटतो. जिथे गाडीच वाईट तिथे गर्दी कुठून होणार? मँचेस्टरला जाणारी अतिवेगवान रेल्वेची शाखा २०२३ साली रद्द झाली, तीही मँचेस्टरलाच भरलेल्या सभेत जाहीर करून. बंद मार्ग पुन्हा चालू करण्यासाठी २०२० मध्ये जाहीर झालेला पन्नास कोटी पौंडांचा निधी २०२४ मध्ये गुंडाळला गेला. तेवढ्यात २०२१ ला ओकहॅम्प्टनची रोजची गाडी पुन्हा सुरू झाली, आणि २०२४ च्या डिसेंबरात ॲशिंग्टनची. ॲशिंग्टनकरांनी साठ वर्षे वाट पाहिली.

या सगळ्यांत मला आवडली ती सेटल ते कार्लाइल या मार्गाची हकीकत. रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल दुरुस्त करणे परवडत नाही, म्हणून ऐंशीच्या दशकात तो मार्ग बंद करायचे ठरले. हजारो हरकती गेल्या. त्यांत एक हरकत एका कुत्र्याच्या पंजाचा ठसा उमटवून केलेली! कुत्र्याचे तिकीट काढलेले असायचे, म्हणून तोही प्रवासी. हरकत ग्राह्य धरली गेली. १९८९ च्या एप्रिलमध्ये मार्ग वाचला, आणि पुलाची दुरुस्ती सांगितल्यापेक्षा बरीच स्वस्तात झाली. गार्सडेल स्टेशनवर त्या कुत्र्याचा पुतळा आहे.

सेमिनार बरा झाला. सरांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी मी ती साडेसहाची गाडी पुन्हा सुरू करावी असा अर्ज लिहिला आणि रविवारी सायकलवरून त्या गावी गेलो. शाळा-कॉलेजच्या चालू दिवसांत महिनाभर मोजावे, एवढीच मागणी. कुत्र्याचा पंजा नाही, पण एकेचाळीस सह्या झाल्या. शेवटी तिच्या घरी गेलो. तिने अर्ज सावकाश वाचला.

"तेव्हा दाराशी बसून मोजत होतास तो तूच ना?" तिने विचारले.

मी हो म्हटले. शेऱ्याच्या रकान्याचेही सांगितले. ती काही बोलली नाही. आतून पेन आणून तिने सही केली, आणि वर तारीख घालायची राहिली आहे, तेवढी घाल म्हणाली.