ऐकता येईल असे एकच पुस्तक

माणसाने आयुष्यात वाचायलाच हवे असे एकच पुस्तक सांगा आणि ते का तेही सांगा, असा या अंकाच्या संपादकांचा निरोप आहे. खानदेशातल्या ग्रंथालयांत नोकरीची सगळी वर्षे काढलेल्या प्रस्तुत लेखकाला हा प्रश्न देवघेवीच्या टेबलावर सतत भेटत आला. विचारणारे बहुधा वडील असतात. मुलगा दहावीला गेलेला असतो, अभ्यासिकेत त्याची जागा ठरलेली असते, आणि वडिलांना त्याच्यासाठी 'कामाचं असं एखादं' पुस्तक हवे असते. एखादंच, कारण दुसऱ्याला वेळ नाही.

ग्रंथालयशास्त्र या प्रश्नाला थारा देत नाही. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली मद्रासमध्ये जी पंचसूत्री मांडली, ती आजही या विषयाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. प्रत्येक वाचकाचे पुस्तक वेगळे, प्रत्येक पुस्तकाचा वाचक वेगळा, आणि या दोघांची गाठ घालून देणे हे ग्रंथपालाचे काम, असा तिचा गाभा आहे. सगळ्यांच्या हातात एकच पुस्तक द्यायचे तर ग्रंथपालाची गरजच उरत नाही. तरी हा प्रयोग ग्रंथपालांनीच करून पाहिला. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरातल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी १९९८ मध्ये साऱ्या शहराने एकच कादंबरी वाचावी, असा उपक्रम काढला. तो चांगला चालला आणि इतर शहरांनी उचलला. २००२ मध्ये न्यूयॉर्कने तेच करायला घेतले, तेव्हा निवड करणाऱ्यांतच दोन पुस्तकांवरून फूट पडली आणि एका पुस्तकावर एकमत काही झाले नाही.

एकमत होत नाही ते आवडीनिवडीमुळे, असे सगळे धरून चालतात. खरे कारण आणखी खाली आहे. 'सर्वांनी वाचावे' म्हणताना ज्याला वाचता येत नाही, ज्याचे वाचन सातवीनंतर सुटले, दिवसभर केळीच्या बागेत राबून ज्याच्या डोळ्यांत संध्याकाळी झोप उतरते, अशा माणसाला आपण मोजतच नाही. त्याला वगळून केलेली यादी फक्त वाचणाऱ्यांची असते. त्याला धरून विचार केला तर पहिली अट अशी निघते की हे पुस्तक कानांनीही पुरे झाले पाहिजे. ही अट लावून पाहिली की खानदेशाकडे उमेदवार भरपूर निघतात.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अशी अठरा प्रवचने झाली. समोर कैदी बसलेले होते आणि त्या कैद्यांतच साने गुरुजी होते. त्यांनी प्रवचने ऐकता ऐकता उतरवून घेतली म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आहे. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिची मांडणीही सांगण्याचीच आहे: श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, आणि प्रकरणांना 'रात्र' असेच नाव आहे. गुरुजी जन्माने कोकणातल्या पालगडचे आणि गोष्टही तिकडचीच. पण अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षे मास्तरकी करून मुलांना गोष्टी सांगणारा माणूस त्या पुस्तकाच्या पानापानांत बोलतो.

ही दोन्ही पुस्तके मोठी आहेत. 'श्यामची आई' मात्र मोठेपणी पुन्हा उघडली जात नाही. ते लहान मुलांचे, रडवणारे पुस्तक आहे अशी समजूत इतकी घट्ट बसली आहे की चाळिशीतला वाचक ते आपल्या मुलीसाठी नेतो आणि स्वतः उघडत नाही. 'गीता प्रवचने' विचारप्रधान आहे. तिला निवांतपणा लागतो. 'दासबोधा'ची शिफारस करणारेही पुष्कळ भेटतात, विशेषतः धुळ्यात. शंकर श्रीकृष्ण देवांनी उभ्या केलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासांच्या हातचे वाल्मीकी रामायण जपले आहे आणि त्या गावाला समर्थ वाङ्मयाचा अभिमान असणे रास्तच आहे. पण वीस दशक, दोनशे समास आणि साडेसात हजारांहून जास्त ओव्या तडीस नेणारे फार थोडे. राहिला नेमाड्यांचा 'कोसला'. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या या लेखकाने १९६३ साली मराठी कादंबरीची चाल बदलली. विसाव्या वर्षी तो वाचलेल्या माणसाला ते पुस्तक जन्मभर सोडत नाही. पन्नाशीत प्रथम हाती घेणाऱ्याला मात्र तो पोरकट वाटतो, हे टेबलावर वारंवार ऐकावे लागले आहे.

म्हणून उत्तर 'बहिणाबाईंची गाणी'.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८०चा, जळगावजवळच्या असोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न झाले, तिशीत वैधव्य आले, आणि पुढे शेत, घर, मुले, भाऊबंदकी हे सगळे एकटीने ओढले. लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव, जो स्वतः कवी, आणि मावसभाऊ पितांबर यांच्या कानी पडले तेवढे कागदावर आले, बाकीचे गेले. १९५१च्या डिसेंबरात त्या वारल्या. नंतर सोपानदेवांनी या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी हे महाराष्ट्रापुढे आलेच पाहिजे असा आग्रह धरला आणि १९५२ मध्ये, त्यांच्या प्रस्तावनेसह, पुस्तक छापले गेले. गाणी पस्तीस. एका बैठकीत संपते आणि ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्याने वाचून दाखवले तरी त्याचे काही उणे राहत नाही. ज्यांनी ते रचले त्यांनीही ते डोळ्यांनी वाचले नव्हते.

यात पेरणीपासून उपणणीपर्यंत शेतीचे सगळे वर्ष आहे. पण ते शेतावर कौतुकाने पाहायला गेलेल्या माणसाचे नाही. खळ्यात उभे राहून वाऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईचे आहे. मळणी झाली, धान्य रास होऊन पडले, आणि वारा पडलेला. उपणायचे कसे? त्या वाऱ्याशी ती बाई घरच्या माणसासारखी बोलते. आणखी एक गाणे जळगावातल्या छापखान्याचे आहे. अक्षर न ओळखणारी बाई यंत्र बघते, कोरा कागद आत जाऊन काहीतरी सांगणारा होऊन बाहेर येतो हे बघते, आणि माणूस मात्र इतके वाचूनही होता तसाच कसा राहतो, हे विचारते. ग्रंथपालाच्या पेशावर इतके खडे बोल दुसऱ्या कुणी ऐकवलेले नाहीत.

इथे एका वादाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण त्यात या पुस्तकाचे फार नुकसान होते. पुष्कळ ग्रंथालयांत हे पुस्तक लोकसाहित्यात, म्हणजे ड्यूई दशांश पद्धतीतल्या ३९८ या वर्गात, ठेवलेले आढळते. त्यामागचा विचार असा: बाई निरक्षर, चाल ओवीची, बोली गावची, तेव्हा ही लोकगीते. हे साफ चूक आहे. लोकगीताला कर्ता नसतो. ते तोंडातोंडी फिरते आणि प्रत्येक गाणारीण त्यात आपली भर घालते. बहिणाबाईंच्या गाण्याला एकच कर्ती आहे. तिची नजर सलग आहे, तिचे नाव माहीत आहे, तिच्या जन्ममृत्यूची साले माहीत आहेत. त्याच जिल्ह्यातल्या धरणगावचे बालकवी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. बालकवींचे पुस्तक मराठी कवितेच्या ८९१.४६१मध्ये आणि बहिणाबाईंचे लोकगीतांत, ही वाटणी कवितेच्या गुणावर झालेली नाही, शाळेच्या दाखल्यावर झाली आहे. ३९८मध्ये गेलेले पुस्तक संशोधकाच्या हाती लागते, कविता शोधणाऱ्या मुलीच्या लागत नाही.

दुसरा घोळ नावाचा. तालिकेत 'बहिणाबाई' एवढेच लिहिले तर सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या असलेल्या संत बहिणाबाई आणि या बहिणाबाई एकाच खणात जातात. परीक्षेच्या तयारीची मुले आजही एकीचे अभंग दुसरीच्या नावावर घालतात. तिसरा बोलीचा. बाहेरच्यांना खानदेश म्हणजे अहिराणी एवढेच ठाऊक, म्हणून बहिणाबाईंना सरसकट अहिराणी कवयित्री म्हटले जाते. त्यांची बोली जळगाव, यावल, रावेर, भुसावळकडची लेवा. तिच्यात 'ळ'चा 'य' होतो, 'डोळे'चे 'डोये' होतात. धुळे-साक्रीकडची अहिराणी 'घरचा' न म्हणता 'घरना' म्हणते. दोन्ही आपल्याच, दोन्ही गोड, पण एकीचे श्रेय दुसरीला देऊन कुणाचाच मान वाढत नाही.

या सगळ्यापेक्षा मोठी अडचण आहे प्रसिद्धी. १९६१च्या 'मानिनी' चित्रपटातून बहिणाबाईंची गाणी घराघरांत गेली, एकदोन कविता पाठ्यपुस्तकांत आल्या, २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. परिणाम असा की बहिणाबाई आपल्याला ठाऊकच आहेत, अशी सगळ्यांची खात्री झाली. तीन गाणी ऐकलेला माणूस पस्तीस वाचल्याच्या समाधानात राहतो. पुस्तक मात्र शेवटच्या पानावरची तारखांची पट्टी जवळजवळ कोरी घेऊन कपाटात उभे असते, आणि शेजारची यशाचे मंत्र सांगणारी पुस्तके हातोहात जातात. पट्टी बघताना आपण इतकी वर्षे काय केले, हा प्रश्न मनात येतो, आणि तो सोडत नाही.

तेव्हा मुलासाठी एक पुस्तक मागायला येणाऱ्या वडिलांना एवढेच सांगणे आहे. हे घरी न्या आणि मुलाच्या टेबलावर ठेवून मोकळे होऊ नका. रात्री जेवणे झाल्यावर एक गाणे मोठ्याने वाचा, आजी असेल तर तिच्यासमोर वाचा. लेवा बोलणारी असेल तर तीच तुमचे उच्चार सुधारील. आणि तुमच्या गावच्या ग्रंथालयात हे पुस्तक अजून ३९८च्या खणात असेल, तर ग्रंथपालांना सांगून ते ८९१.४६१मध्ये, बालकवींच्या शेजारी, हलवून घ्या.