पाषाणची जांभळी मॅडम

निळाजांभळा ड्रेस, लालभडक चोच आणि तोच लाल रंग थेट कपाळापर्यंत. हे कॉम्बिनेशन तुम्ही-आम्ही ऑफिसला घालून गेलो तर एचआर केबिनमध्ये बोलावून घेईल. जांभळी पाणकोंबडी मात्र रोज याच थाटात पाषाण तलावावर फिरते. चालताना शेपटी झटकते नि खालची पांढरी पिसं चमकतात. बोटं इतकी लांब, की जलपर्णीवरूनही आरामात कॅटवॉक! आणि जेवणं बघा तिचं. पाणकणसाचा कोंब उपटायचा, एका पायात धरायचा, दुसऱ्या पायावर उभं राहून कुरतडायचा. आवाज मात्र... जाऊ दे.

बाई ऑनसाइटही जाऊन आल्यात. १९९६ मध्ये फ्लोरिडातल्या पेम्ब्रोक पाइन्स भागात हीच राखाडी डोक्याची, आपल्याकडची जात मोकळी फिरताना दिसली. पाळलेल्यांपैकी काही सुटल्या असाव्यात. उपरा पक्षी नको म्हणून २००६ ते २००८ मध्ये तीन हजारांवर मारल्या. शेवटी तिथल्या सरकारनेच नाद सोडला. ना व्हिसा, ना ग्रीन कार्ड, थेट सेटल!

इतकी चिवट. म्हणूनच ती दिसली म्हणजे तलाव ठणठणीत, असं समजू नका. रामनदीतून सांडपाणी येतं, त्यावर जलपर्णी माजते आणि ही त्यातच मजेत वावरते. जलपर्णी काढायलाच हवी, खालच्या पाण्याचा श्वास कोंडतो. पण त्याच झपाट्यात काठावरचं पाणकणीस गेलं, तर हिने घरटं कुठे बांधायचं?

तिथे फिरायला येणाऱ्या एका काकांशी माझा यावरून वाद चालू असतो. त्यांना आरशासारखं पाणी हवंय, काठाला बाकडी हवीत. मी म्हणते, काका, आधी सांडपाणी थांबवू या. जलपर्णी काढा, पण पाणकणसाचा पट्टा राहू द्या. आणि पावसाळ्यात तिकडे मशिन नको, पिल्लांचे दिवस असतात.

'एका कोंबडीसाठी?'

मी उत्तर न देता दुर्बीण त्यांच्या हातात दिली. पाणकणसातून ती बाहेर आली, मागोमाग चार काळीकुट्ट पिल्लं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. दुर्बीणही परत देईनात.