गारठ्यातला खो-खो

डिसेंबर उजाडला की राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचं नाव हमखास येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आला, की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोटीचा फोटो ठरलेला. स्पर्धांचे वरचे टप्पे, निवड चाचण्या नेमक्या याच दिवसांत येतात. मी या तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचा खो-खोचा संघ बघते. एवढ्या गारठ्यात पोरींना मैदानावर बोलवायचं का, हा प्रश्न दर हिवाळ्यात माझ्यापुढे येतो.

संध्याकाळी सराव घ्या, असं बाहेरचा माणूस चटकन सुचवतो. आमची शाळा पाचला सुटते. सहाच्या पुढे अंधारून येतं. निम्म्या मुली मळ्यातल्या वस्त्यांवर राहतात आणि वाट उसातून जाते. ऊसतोड सुरू झाली की गोदाकाठचे बिबटे लपण जाईल तसे सरकत राहतात. त्या दिवसांत दिवेलागणीनंतर कोणी पोरीला एकटं सोडत नाही, आणि सोडूही नये. म्हणजे उरते ती सकाळ. आमच्याकडे पूर्वीपासून सराव पहाटे सहाचा. उन्हाळ्यात, पावसाळ्यात ते जमून जातं. जानेवारीत मात्र सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. सहाला मैदानावर काळोख असतो आणि बिबट्याची भीती संध्याकाळइतकीच खरी असते.

पालकांचे दोन तट पडतात. एका मुलीची आजी शाल गुंडाळून थेट मैदानावर आली होती. "मॅडम, पोर रातभर खोकती. छातीत थंडी भरली म्हंजी तुमचा कप काय कामाचा?" दुसरीकडे एक वडील म्हणाले, "पोलीस भरतीची पोरं चारला हायवेवर पळत्यात. त्यांना काय झालंय? काही होत नाही थंडीनं, अंग घट होतं." दहावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, पुढे नोकरीत खेळाडूंसाठी राखीव जागा आहेत, हेही त्यांच्या डोक्यात असतं. त्यात गैर काही नाही.

भरतीच्या पोरांचा दाखला बरेच दिवस माझ्या मनात राहिला. ती पोरं एकदा सुटली की थांबत नाहीत. पहिल्या किलोमीटरला कुडकुडतात, दुसऱ्याला जर्किन काढून कमरेला बांधतात. खो-खोचं तसं नाही. आक्रमण करणाऱ्या नऊ जणींपैकी एक पळते आणि आठ जणी पाटीत उकिडव्या बसून असतात. हात जमिनीला टेकलेले, गुडघे दुमडलेले, खाली दवाने भिजलेली माती. अशी पोरगी पाच-सहा मिनिटं बसते आणि मग पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आला की त्याच क्षणी तिला पूर्ण ताकदीनं उठायचं असतं. आखडलेले पाय पहिल्याच पावलाला दगा देतात. हिवाळ्यात मांडीमागचा स्नायू ओढला जातो तो बहुधा इथे, पळताना नव्हे, उठताना. भिजलेल्या मातीवर सूर मारला की कोपर आणि गुडघा सोलून निघतो आणि गारठलेल्या कातडीला ते लगेच कळतही नाही. खांबाला धरून वळताना बधिर बोटांची पकड सुटते. एका मुलीचा तळवा असाच खांबावर घासला गेला होता. रक्त आलेलं तिला शेजारणीनं दाखवलं.

थंडी पळणाऱ्याला कमी आणि बसणाऱ्याला जास्त बाधते, हे एकदा ध्यानात आलं आणि सराव ठेवायचा की बंद करायचा, या वादातून माझी सुटका झाली. सरावात पोरी किती वेळ थांबून असतात, काय ओलं आहे आणि कोणती वेळ आहे, हे मी बघायला लागले.

आता डिसेंबर-जानेवारीत आमचा सराव सव्वासातला सुरू होतो. मुली आल्या की कोणी उभं राहायचं नाही. आधी मैदानाभोवती हलकं धावणं, मग पाय उचलून पळणं, बाजूनं पळणं, गिरक्या. थंड स्नायू ताणून धरायचे व्यायाम मी सुरुवातीला घेत नाही, ते शेवटी. अंगाला घाम सुटायच्या बेतात आला की स्वेटर उतरवायचे. पळती आणि खांबाचा सराव आधी, पाटीत बसायचा खेळ सगळ्यात शेवटी, तोवर ऊन मैदानावर आलेलं असतं आणि दव उडालेलं असतं. बसणाऱ्या मुली दर दोन-तीन मिनिटांनी बदलतात. सराव संपला की ओल्या अंगानं गप्पा मारत बसायचं नाही, स्वेटर आधी, बोलणं नंतर. पाण्याची आठवण मला करून द्यावी लागते. थंडीत तहान लागत नाही, पण श्वासावाटे आणि घामावाटे पाणी जातच असतं.

शेकोटीवरून मात्र मी कडक आहे. आमच्या भागात गारठा वाढला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या करतात, ठिबकनं पाणी सोडतात. बागेसाठी ते बरोबरच आहे. पण थंड हवा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि धूर तिच्यातच अडकून राहतो. ऊन तापेपर्यंत तो वर जात नाही. सहा वाजता शाळेच्या मैदानावर डोळे चुरचुरायचे ते त्यामुळे. वर मुली स्वतःच पाचट पेटवून हात शेकत बसायच्या आणि तसंच उठून पळायच्या. आठवीतल्या एका मुलीला पळाल्यावर छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी बालदमा सांगितला. जोरात पळताना आपण तोंडानं श्वास घेतो, थंड कोरडी हवा नाकात न तापता सरळ आत जाते आणि दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळल्या जातात. तिनं खेळ सोडावा, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. इन्हेलर, नाका-तोंडावर सैल रुमाल, सावकाश वाढवत नेलेलं धावणं आणि धुरापासून लांब, असं त्यांनी सांगितलं. ती खेळते. तिचा इन्हेलर माझ्या शिट्टीच्या पिशवीत असतो.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या आणि पुरुषांच्या, दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आमच्या पोरींनी सामने मोबाइलवर बघितले. दुसऱ्या दिवशी एकीनं विचारलं, "मॅडम, दिल्लीत तर इथल्यापेक्षा जास्त थंडी, त्यांना नाही का गार लागत?" मी म्हटलं, त्यांचे सामने बंदिस्त स्टेडियममध्ये होते, मॅटवर. "मग आपल्याला कधी मॅट?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नाही म्हणून तर दव कधी उडतं हे बघत बसायचं.

काही दिवस सराव बंदही ठेवते, पण आकडा बघून नाही. सहा अंशांना, वारा नसताना, आम्ही छान खेळलो आहोत. त्यापेक्षा कितीतरी उबदार सकाळी अवकाळीची भुरभुर आणि बोचरं वारं होतं, तेव्हा मुलींना दारातूनच परत पाठवलं. ओलं अंग आणि वारा एकत्र आले की लहान अंगातली ऊब फार लवकर निघून जाते. ताप, सर्दी असलेल्या मुलीला बोलवायचंच नाही, ती संघाची कर्णधार असली तरी.

2024 मध्ये सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असं सांगितलं. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचं कारण होतं. आठवी-नववीच्या खेळाडूंसाठी असा काही नियम नाही, ते आम्हीच ठरवायचं. आणि सव्वासातची वेळ सगळ्यांच्या सोयीची नाही. कांदालागणीच्या दिवसांत मजुरांची पिकअप सातला वस्तीवर येते. आई त्या गाडीत बसते आणि भाकरी, धाकट्या भावाची आंघोळ, शेळीचं चारापाणी पोरीवर येतं. सहाचा सराव होता तेव्हा ती खेळून आई निघायच्या आधी घरी पोचायची. एका आईनं मला सरळ सांगितलं, "थंडीचं आम्हाला काही नाही मॅडम, आमची वेळ मोडली."

अशा दोघी-तिघी आता आठनंतर येतात. उशिरा आलेलीला मी थेट पाटीत बसवत नाही. आधीच तापलेली एक खेळाडू तिच्यासोबत मैदानाला फेऱ्या मारते, मग ती खेळात येते. तिच्या वाट्याला सराव कमी येतो, म्हणून दुपारच्या मोठ्या सुट्टीत उन्हात खांबावरची वळणं घेतो. डबा मग तिला धावतपळत खावा लागतो. याहून बरा तोडगा अजून मला सापडलेला नाही.