झडपांची वेळ

आपल्या मोटारीचे पोट मनुष्याने कधी उघडून पाहू नये, असे माझे अनेक वर्षांचे मत होते. चाके फिरत आहेत, दिवे लागत आहेत आणि घाटात गाडी मागे सरकत नाही, एवढ्यावर सुज्ञाने समाधान मानावे. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या इंजिनातून कोणी आतून दार ठोठावीत असल्यासारखा आवाज येऊ लागला. पनवेलच्या आमच्या मिस्त्रींनी कान लावून तो ऐकला, आणि नाडी पाहून वैद्याने बोलावे तशा गंभीर स्वरात ते म्हणाले, "हेड खोलावं लागेल, सर." हेड खोलले गेले. इंजिनाच्या माथ्यावर कॅमशाफ्ट नावाचे जे दोन दांडे असतात, त्यांपैकी एकावरील उंचवट्याचे नाक झिजून पार बोथट झालेले निघाले. वेळच्या वेळी ऑइल बदलण्याचा आळस हा त्या झिजेचा जनक. आणि त्या आळसाचा जनक मी.

येथवर हकीकत साधी होती. झिजलेली वस्तू काढावी, नवी घालावी, पैसे द्यावे आणि घरी येऊन चार दिवस कोणाशी फारसे बोलू नये, हा अशा प्रसंगांचा रिवाजच आहे. पण मिस्त्री हात पुसता पुसता सहज बोलून गेले, "आता दांडे बदलायचेच आहेत, तर ओरिजिनल घालायचे की परफॉर्मन्सचे?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता; ऐकला मात्र माझ्या चिरंजीवांनी. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी त्यांच्या पदवीदान समारंभातही पाहिली नव्हती.

या दांड्याचे काम काय, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते, हे कबूल केले पाहिजे. सिलिंडरला दोन प्रकारच्या झडपा असतात. एकीने हवा आत यायची, दुसरीने जळलेला धूर बाहेर जायचा. या झडपा केव्हा उघडाव्या, किती उघडाव्या आणि केव्हा मिटाव्या, याचा हुकूम कॅमच्या उंचवट्याच्या आकारात कोरलेला असतो. इंजिनाच्या मुख्य दांड्याचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदात पन्नास वेळा उघडते आणि मिटते. मनुष्याच्या पापणीलाही इतकी लवलव जमणार नाही.

परफॉर्मन्सचा कॅम म्हणजे झडप जास्त वर उचलणारा आणि तिला जास्त वेळ उघडी ठेवणारा कॅम. मिस्त्रींनी दाखविलेल्या यादीत २५६ अंशांची एक जोडी होती आणि २७२ अंशांची दुसरी. मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्यांचे मिळून ७२० अंश; त्यांपैकी इतके अंश झडप उघडी, असा त्याचा अर्थ. या दोन जोड्यांत फरक अवघा १६ अंशांचा. सहा हजार फेऱ्यांवर हा काळ अर्ध्या सहस्रांश सेकंदाहूनही कमी भरतो. एवढ्याशा काळासाठी आमच्या घरात पंधरा दिवस खल चालला!

त्या खलाविषयी सांगण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. चिरंजीवांचे आणि माझे भांडण कधीच नव्हते; पण संभाषणही नव्हते. जेवण झाले का, छत्री घेतलीस का, बिल भरले का, एवढ्या तीन प्रश्नांवर आमचे पितापुत्राचे नाते गेली सहासात वर्षे सुखाने चालले होते. त्यात त्यांना चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि महिन्याभरात बिऱ्हाड हलवायचे ठरले होते. गाडीही ते नेणार होते. म्हणजे ज्या गाडीचे इंजिन मी उघडून बसलो होतो, ती खरे पाहता आता माझी नव्हतीच. असे असताना रोज रात्री जेवणानंतर तो मुलगा कागद-पेन्सिल घेऊन माझ्या खोलीत येऊ लागला. ही दोन दांड्यांची कृपा.

माझा कल सुरुवातीला अर्थातच २७२ च्या बाजूला होता. संयमावर मी आयुष्यभर इतके बोललो आहे की, आता थोडा असंयम करण्याचा मला हक्क आहे असे वाटत होते. जास्त उघडलेले दार, जास्त हवा, जास्त पिकप; यात चुकण्यासारखे काय आहे? यावर चिरंजीवांनी मला लोकलचे उदाहरण दिले.

पनवेल स्टेशनात लोकल थांबली आहे, एका बाजूने लोक उतरत आहेत आणि दुसऱ्या बाजूने चढत आहेत, असे समजा. धूर बाहेर जाण्याची झडप पुरती मिटण्यापूर्वीच हवेची झडप उघडू लागते, आणि क्षणभर दोन्ही दारे उघडी असतात. साध्या इंजिनात हा क्षण लांबविला तर, विशेषतः इंजिन वेगात असता, फायदा होतो. बाहेर धावणाऱ्या धुराचा लोंढा आपल्यामागे पोकळी ठेवतो, आणि ती पोकळी ताजी हवा आत ओढून घेते. उतरणारी गर्दी भराभर निघाली की चढणाऱ्यांना वाट मिळते, तसेच हे. पण आमच्या इंजिनाला टर्बो आहे. बाहेर पडणाऱ्या धुरानेच एक पाते फिरवायचे आणि त्या पात्याच्या जोरावर दुसऱ्या पात्याने हवा आत कोंबायची, ही ती युक्ती. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. फुकट जाणाऱ्या धुराला कामाला लावणारी ही कल्पना कोकणस्थाला सुचली नाही, याचेच आश्चर्य वाटते! परंतु ते पाते धुराच्या वाटेतच बसलेले असते. जणू फलाटावरून बाहेर नेणारा एकच अरुंद जिना. जिन्यावर गर्दी तुंबली की फलाट भरतो; आणि अशा वेळी डब्याची दोन्ही दारे फार वेळ उघडी राहिली, तर उतरलेलेच लोक रेटारेटीने पुन्हा डब्यात ढकलले जातात. बाहेरचा दाब आतल्याहून अधिक झाला की धूर सिलिंडरमध्ये परत शिरतो आणि ताज्या हवेची जागा अडवतो. म्हणून टर्बोच्या इंजिनात दोन्ही दारे एकदम उघडी असण्याचा काळ सहसा थोडा ठेवतात.

"मग जगात टर्बोच्या गाड्यांना असले कॅम कोणी घालतच नाही की काय?" मी विचारले. घालतात, असे उत्तर मिळाले. टर्बो मोठा असेल, जिना ऐसपैस असेल, आत कोंबलेल्या हवेचा दाब बाहेरच्या धुरापेक्षा वरचढ राहत असेल, तर तीच उघडी दारे उपकारक ठरतात. पण मोठा टर्बो उशिरा जागा होतो. शर्यतीच्या मैदानावर इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत असते, तेथे हे चालते. आमचा टर्बो लहान. त्याचा उत्साह दोन हजार फेऱ्यांपाशी सुरू होतो आणि पाच हजारांच्या आतच ओसरतो. २७२ चा कॅम नेमका तेथून पुढे रंगात येणार. एक पाहुणा सकाळच्या गाडीने येतो आणि दुसरा रात्रीच्या. दोघांची गाठ पडायची कशी?

पुढे पुढे या विषयाची खोली पाहून मी थक्क झालो. दोन कारखान्यांचे अंश एकाच मापाचे नसतात. कोणी झडप हलताक्षणीच मोजू लागतो, तर कोणी ती एक मिलिमीटर उचलल्यावर. त्यामुळे २५६ आणि २५६ यांतही अंतर असू शकते. झडप जास्त उचलली की ती पिस्टनवर आदळणार नाही ना, स्प्रिंगचे वेढे एकमेकांस टेकणार नाहीत ना, हे तपासावे लागते. स्प्रिंगही जास्त कडक लागते. आत कोंबलेली हवा मिटलेल्या झडपेला मागून ढकलीत असते. ३५ मिलिमीटर व्यासाच्या झडपेवर वातावरणाइतका जादा दाब आला, तर तो भार सुमारे दहा किलो होतो. कॅम बदलला की इंजिनाच्या संगणकालाही नव्याने शिकवावे लागते. शिवाय उभ्या गाडीत इंजिन अडखळू लागते आणि अर्धवट जळलेले इंधन धुरातून जाऊ लागते, हा त्रास पीयूसीच्या तपासणीत उघडा पडतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई केली आहे. कॅम कोणाला दिसत नाही हे खरे. पण न दिसणाऱ्या गोष्टींविषयीच मनुष्याने अधिक जपून असावे, असे मी वर्गात शिकवीत आलो होतो. ते वाक्य आता माझ्याच अंगावर आले.

एका संध्याकाळी आम्ही गाढी नदीच्या बाजूला पायी फिरायला गेलो होतो. गाडी नसल्यामुळे पाय होते. मी त्याला जुन्या पनवेलच्या गोष्टी सांगत होतो. मुंबईहून माणसे मचव्यांतून पनवेल बंदराला उतरत आणि येथून पुण्याची वाट धरीत. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली. पनवेलला बनणारी बैलगाडीची चाकेही एके काळी प्रसिद्ध होती. बोलता बोलता माझ्या मनात आले की, त्या चाके बनविणाऱ्या सुताराने गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? चाक किती जोरात फिरेल, हा खचित नव्हे. गाडी कोठे जायची आहे आणि तिच्यात काय भरायचे आहे, हेच त्याने विचारले असेल.

हे मी बोलून दाखविले, तेव्हा चिरंजीवांनी खिशातून एक लहानशी वही काढली. आवाज सुरू होण्यापूर्वी एकदा गंमत म्हणून आठ दिवस त्यांनी येण्याजाण्यात फेऱ्यांचा काटा पाहून ठेवला होता. कळंबोलीच्या चौकातील खोळंबा, खालापूरपर्यंतचा सरळ रस्ता, घाटातील ट्रकांमागची चढण, सगळे त्या वहीत होते. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा पाळली की काटा अडीच-तीन हजारांवर. घाटात क्वचित चार हजार. त्यापुढचे रकाने जवळजवळ कोरे. "बाबा," तो म्हणाला, "जिथे आपण कधी जातच नाही, तिथल्यासाठी एवढा खर्च कशाला? ओरिजिनलच घालू."

त्याने योग्य तेच सांगितले होते, आणि तरीही मला क्षणभर उदास वाटले. एक तर २७२ चा मोह माझ्या मनातून अजून गेला नव्हता. बापाने धाडस सुचवावे आणि मुलाने हिशेब दाखवावा, ही अदलाबदल केव्हा झाली ते मला कळलेच नाही. दुसरे असे की, निर्णय झाला म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन माझ्या खोलीत येण्याचे कारण संपले. प्रश्न आणखी थोडा अवघड असता तर बरे झाले असते, असे वाटून गेले.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा ती दोन दारे पुन्हा डोळ्यांसमोर आली. प्रत्येक घरात एक पिढी बाहेर पडत असते आणि दुसरी आत येत असते, आणि काही काळ दोन्ही दारे उघडी असतात. तो काळ लांबावा असे बाहेर पडणाऱ्याला वाटते; त्यात प्रेम असते, हे मी नाकारीत नाही. पण त्याने दारातच फार वेळ रेंगाळू नये. आपला धूर त्यांच्या ताज्या हवेत मिसळतो, आणि आपण मात्र अनुभव देत आहोत अशी समजूत करून घेतो. बाहेर पडणाऱ्याचे काम एवढेच की, जाता जाता अंगात जो काही जोर उरला आहे त्याने ते पाते फिरवून द्यावे. आत जाणारी हवा त्याने अधिक भरते.

दांडे बसले. आवाज गेला. चाकणला सामान नेण्याच्या दिवशी मी शेजारी बसून गेलो. चिरंजीव गाडी चालवीत होते. बोरघाटात एका मोठ्या ट्रेलरला मागे टाकण्यासाठी त्यांनी पाय किंचित दाबला. टर्बोची बारीकशी शीळ ऐकू आली आणि गाडी कसलाही त्रागा न करता चढ चढून गेली. खंडाळ्याला चहा घेताना त्याने विचारले, "बाबा, २७२ घातले असते तर काय झाले असते हो?"

"ते नीट पाहावे लागेल," मी म्हणालो. "रविवारी येशील तेव्हा वही आण."

झिजलेला दांडा मिस्त्रींकडून मी मागून घेतला आहे. सध्या तो माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला आहे.