सरासरी आणि वाटा

आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ होती. साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकीसुद्धा. तेराची औटकी विचारली, की सुपारी कातरता कातरता ‘साडेपंचेचाळीस’ म्हणून मोकळे होत. रुपयाचे सोळा आणे आणि शेराचे चार पावशेर असताना अपूर्णांकावाचून मंडईत पाऊल टाकता येत नसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले आणि पावकीची सद्दी संपली.

आमच्या वाट्याला अंश, छेद आणि लसावि आले. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असं वर्गात कोणीतरी हमखास लिहायचं. बाई त्यावर फुली मारत नसत. फळ्यावर भाकरी काढून विचारत, ‘‘अर्ध्या भाकरीला आणखी तुकडा जोडला, तर ती अर्ध्याहून कमी कशी झाली रे?’’ छेद समान का करायचे, हे त्या भाकरीने शिकवलं.

पुढे मध्य, मध्यक, बहुलक आले. बेरीज करा, भागा, गुण मिळवा. त्या भागाकारावर माणसांची भूक मोजली जाते, हे कॉलेजात गेल्यावर समजलं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तो माणशी रोज २२५० उष्मांक धरून. फर्ग्युसनमध्ये शिकलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, गरज माणसामाणसांत तर बदलतेच, पण एकाच निरोगी माणसाचीही दिवसागणिक कमीजास्त होते. मग सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण कुपोषित कसा? दांडेकरांना हे पटलं नाही. वाद बरीच वर्षं रंगला.

सुखात्म्यांचा निष्कर्ष मलाही सगळा पटत नाही. त्याच्या आडून उपाशी माणूस हिशेबातून गळू शकतो. पण सरासरीकडे संशयाने बघायची त्यांची सवय मी उचलली. एका घरात तिघे तीन-तीन भाकरी खातात. दुसऱ्या घरात एक पाच, एक चार, तिसरा उपाशी. सरासरी दोन्हीकडे तीनच. मध्यक काढला, तर दुसरं घरच सुखी दिसतं!

म्हणून शिक्षकांना एक विनंती. सरासरीच्या प्रत्येक गणिताखाली आणखी एक ओळ लिहायला लावा: सर्वांत कमी कोणाला मिळालं? त्या उत्तराशिवाय पूर्ण गुण देऊ नका.