शेवटची तुकडी

मुलुंड, रविवार रात्र

आज ‘दहावी फ’ पुन्हा पाहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००२चा चित्रपट. शेवटच्या ‘फ’ तुकडीतली चिडलेली मुलं शाळेची प्रयोगशाळा फोडतात. अतुल कुलकर्णींनी साकारलेले सर त्यांना वाऱ्यावर सोडत नाहीत, नुकसान स्वतः कमावून भरून द्यायला लावतात. असंच शाळेतलं बंड झाँ व्हिगोच्या १९३३च्या ‘झेरो द काँद्युइत’ या चित्रपटातही आहे: निवासी शाळेतली पोरं उशा फाडतात, छपरावर चढतात, फ्रान्समध्ये त्यावर अनेक वर्षं बंदी होती. तो बेभानपणा मला फार आवडतो. पण जीव अडकतो तो ‘फ’मध्येच. आमच्या शाळेतही तुकड्या मार्कांवरूनच पडायच्या. ‘अ’तल्यांची नावं फळ्यावर झळकायची, शेवटच्या तुकडीकडे बघायला कुणाला सवड नसे. त्या मुलांचा राग मला अजूनही रास्त वाटतो.