नव्या महाविद्यालयाची पत

सांगलीच्या हळद बाजारात चाळीस वर्षे पेढी सांभाळलेल्या अण्णांना न्यू जर्सीहून मुलाचा दूरध्वनी आला. नातीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. महाविद्यालय अगदी नवे, पहिली तुकडीही अद्याप बाहेर न पडलेले, पदवी 'डी.ओ.', म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. अण्णांना गावातला हाड बसवणारा आठवला आणि ते क्षणभर गप्प झाले.

ती शंका अनाठायी होती. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरीतील कर्क्सव्हिल येथे सुरू केलेल्या शिक्षणपरंपरेतील डी.ओ. आज अमेरिकेत एम.डी.प्रमाणेच पूर्ण अधिकाराचा डॉक्टर असतो. २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची मान्यताव्यवस्थाही एकच झाली. २०२४ च्या 'मॅच'मध्ये अंतिम वर्षाच्या एम.डी. विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९३.५ टक्क्यांना, तर डी.ओ. विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९२.३ टक्क्यांना जागा मिळाल्या. फरक उरतो तो शाखेत. कौटुंबिक वैद्यक, अंतर्गत वैद्यक, बालरोग येथे डी.ओ.ना दारे मोकळी आहेत. त्वचारोग वा मेंदूशल्यक्रियेची वाट बरीच अरुंद.

"हा आकडा साऱ्या महाविद्यालयांचा झाला. या महाविद्यालयाचा किती?" अण्णांनी विचारले. मुलाकडे उत्तर नव्हते आणि ते असणे शक्यही नव्हते. पहिली तुकडी पदवीधर होईपर्यंत अशा संस्थेची मान्यतासुद्धा पूर्ण नसते. पोते न उघडता हळदीचा भाव करण्यासारखेच हे!

मग पोते उघडायचे कुठे? तिसऱ्या-चौथ्या वर्षात. अनेक नव्या महाविद्यालयांचे स्वतःचे रुग्णालय नसते. विद्यार्थ्यांना दूरदूरच्या रुग्णालयांत पाठवले जाते. तेथे आधीपासून रेसिडेन्सी चालत असेल, तर विद्यार्थ्याचे काम निवडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि शिफारसपत्राला वजन येते. तसे नसेल, तर परीक्षेतील गुणांवरच भिस्त. आणि रेसिडेन्सीवाचून हाती पदवी असूनही स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. कर्ज मात्र वाढतच राहते. त्यातही १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळणार. वरची रक्कम खासगी कर्जातून किंवा घरातून! चकचकीत इमारतीच्या छायाचित्रांत यातले काहीच दिसत नाही.

"बाळ, रुग्णालयांची नावे मागून घे," अण्णांनी नातीला सांगितले. तिने मागितली. सहा नावे आली; त्यांपैकी दोनच ठिकाणी रेसिडेन्सी होती आणि तेथील जागा सोडतीने मिळणार होत्या. नातीला कौटुंबिक वैद्यकच करायचे आहे, त्यामुळे तिची तयारी आहे. मुलगा अजून चाचरतो आहे. अनामत भरण्याची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, आणि अण्णांनी पेढीच्या जुन्या वहीत त्या दोन रुग्णालयांची नावे स्वतःच्या हाताने उतरवून घेतली आहेत.